चेअरमनसाहेबांचा हिरवा चेहरा

आमच्या दूध संघाचे चेअरमन रावसाहेब ढमाले हिरवा गॉगल फक्त झोपताना काढत. निवडणुकीच्या पोस्टरसाठी विश्राम तांबटाने काढलेला फोटो पाहून ते कडाडले, "माझा चेहरा हिरवा? तुला रंग तरी कळतात का रे? हा बदल, नाहीतर संघाचं काम विसर!"

सातही संचालक फोटोत डोकावून म्हणाले, "हिरवाच आहे, साहेब."

गॉगल काढा म्हणण्याची कुणाची छाती नव्हती. विश्रामने हात जोडले. "बदलतो, साहेब. मग तो तुम्हाला अगदी गोरा दिसेल. फक्त मतदारांना तुमच्यासारखे गॉगल वाटावे लागतील."

साहेबांनी सेक्रेटरींना विचारलं, "मतदार किती?"

"नऊ हजार."

साहेबांनी बोटांवर नऊ हजार गॉगलांचा हिशोब केला.

"मग हाच छापा. दूध संघाला हिरवा चेहरा शोभतो."