तातूकाकांनी कटर दुरुस्त केला

कोकणातल्या एका वाडीत एक भोळा म्हातारा राहत होता. नाव तातूकाका. वाडी त्यांना शहाणे म्हणायची, कारण ते वयाने मोठे होते. दुसरं कारण कुणालाच सांगता येत नसे.

फणसाची एक वाळकी फांदी त्यांच्या गोठ्यावर लोंबत होती. गोठ्यात गाभण म्हैस. यमूकाकू म्हणाली, "अहो, फांदी कोसळायच्या आत नवीन कटर आणा."

"नवीन कशाला? माळ्यावर आपला जुना आहे ना!"

जुना कटर म्हणजे झाडं कापायचं पेट्रोलचं मशीन. त्याच्या साखळीचे दात पार बोथट झाले होते.

मशीन बघून शौकत मिस्त्री म्हणाला, "काका, हे भंगारात टाका. नसेल टाकायचं, तर दातांना कानस मारा."

काकांनी दिवसभर कानस मारली. दात गुळगुळीत झाले. मग उरलेच नाहीत.

"अहो काका, हलक्या हातानं मारायची!" मिस्त्री म्हणाला.

"असं होय! लक्षात ठेवतो."

काकांनी भंगारातून दुसरी साखळी आणली. तिचे नट हलक्या हातानं लावले. मशीन सुरू होताच साखळी उडाली ती थेट काकूच्या वाळत घातलेल्या सांडग्यांत.

"काका, मशीनचं सगळं गच्च हवं!"

"मग आधी सांगायचं!"

काकांनी सगळं गच्च केलं. हवेच्या जाळीतही चिंध्या गच्च कोंबल्या. मशीन खोकलं आणि मेलं.

"अहो काका, त्यालाही श्वास लागतो! मोकळं ठेवा."

काकांनी पेट्रोलच्या टाकीचं झाकणच काढून ठेवलं. दोरी ओढली. धोतर पेट्रोलने भिजलं. दमले म्हणून त्यांनी विडी काढली. काकूने ती हिसकावली. काका इतकी वर्षं जगले कसे, हे वाडीला तेव्हा कळलं.

शेवटी मिस्त्रीनेच मशीन चालू केलं आणि हात जोडले. "काका, एकदम फांदीवर चढू नका. आधी खालीच एखाद्या जुन्या, सुक्या लाकडावर चालवून बघा."

हे ऐकताच काकूने म्हैस सोडून अंगणात बांधली. नवऱ्याला ती ओळखून होती.

काकांनी सरपण चाळलं. त्यातलं काही पुरेसं जुनं वाटेना. आजोबांच्या वेळचं, खडखडीत सुकं लाकूड एकच होतं. गोठ्याचा मधला खांब.

मशीन झकास चाललं. खांब लोण्यासारखा कापला गेला. गोठा खाली बसला. फांदी वर तशीच लोंबत राहिली.

"अहो, हे काय केलंत!" काकू ओरडली.

धुरळ्यातून काका ऐटीत बाहेर आले. "आणि तू नवीन आणायला निघाली होतीस! आता खुशाल पडू दे ती फांदी. खाली गोठाच नाही."