पावलाचं माप

“हे कसलं माप, गजोबा?” म्हातारी चिवई खार वैतागून हत्तीला म्हणाली. माणूस रानात यायच्या आधीची ही गोष्ट. तिथे रिवाज असा, की घेणाऱ्याच्या पावलाचा ठसा भरेल एवढा माल द्यायचा. हत्ती डोंगरापलीकडचं मीठ आणी, खारी त्याला चारोळी फोडून देत. त्याचा ठसा भरता भरता खारींचा हंगाम सरे. चिवईचा ठसा चिमूटभर मिठाने भरे.

“रिवाज दोघांना सारखाच की!” हत्ती म्हणाला. “आणि माझ्याशिवाय मीठ देणार कोण तुला?”

चिवई थकली होती. चारोळ्या फोडून लेकींचे दात झिजले होते, आणि पिल्लं मात्र उपाशी झोपत होती.

“कोणी नाही,” ती म्हणाली. “आजपासून आम्ही अळणी खातो, तुम्ही टरफलासकट खा.”