डोंगरापलीकडची साद

फार पूर्वी, पाखरांना एकमेकांची बोली कळत होती त्या काळी, दरीकाठच्या रानात एक सभा होती. पलीकडच्या डोंगरावरच्या अनोळखी पाखराला साद घालायची आणि उत्तर आलं की दिवसभर हरखून जायचं, एवढाच सभेचा छंद. मात्र सभेत यायचं तर वाळक्या खोडावर चोचीनं ठोके देता आले पाहिजेत, असा नियम होता. त्यामुळे सभेत सुतार पक्षीच राहिले, आणि शेवटी उरले म्हातारे ठोकोबा.

एक दिवस गोड शीळ घालणारी कस्तूर पक्षीण म्हणाली, "आजोबा, ठोके देऊन आमच्या चोची मोडतात. आम्ही शीळ घालणाऱ्यांची नवी सभा काढतोय."

"काढा, बाई," ठोकोबा म्हणाले. त्यांच्या ठोक्यांना आताशा कुणाचंच उत्तर येत नव्हतं.

नव्या सभेच्या पहिल्या सकाळी तेही फांदीवर जाऊन बसले. बुलबुल अदबीनं म्हणाला, "आधी शीळ घालून दाखवा, आजोबा. नियम आहे."

ठोकोबांनी मान ताणून शीळ घातली. बांबूवर बांबू घासावा तसा आवाज निघाला. सगळी फांदी हसली, ठोकोबाही हसले.

तेवढ्यात पलीकडून तसाच खरखरीत आवाज आला. "मी धनेश. मला ठोके येत नाहीत, शीळही येत नाही. म्हणून आजवर गप्प होतो. तिकडे माझ्यासारखं कोण आहे?"

मग कस्तूर बुलबुलाला म्हणाली, "नियम राहू दे. सरक जरा, आजोबांना नीट बसू दे."

ठोकोबा ऐसपैस बसले आणि ओरडले, "बोल बाबा, तुमच्याकडे उंबर पिकले का?"