ओसरीची कडी

पेनड्राइव्ह नवा नवा होता, तेव्हाची गोष्ट. एका संगणकाच्या घरात रूट नावाचा कारभारी होता; घरातली प्रत्येक कडी-किल्ली एकट्या त्याच्याच हातात. सगळे त्याला मुळोबा म्हणत. दाराशी पेनड्राइव्ह आला की माउस धावे, "मुळोबा, पाहुणे ताटकळलेत!" मुळोबा कुरकुरत उठून कडी काढी. एक पाहुणा तर लग्नाचे फोटो पोटात घेऊन तसाच परत गेला.

शेवटी वैतागून मुळोबाने किल्ल्यांचा जुडगाच फेकला. "घे, तूच हो कारभारी!"

"अहो, तिजोरी तुमच्याकडेच राहू द्या," माउस म्हणाला. "मला फक्त ओसरीची कडी काढू द्या. 'येतो' म्हटल्याशिवाय कुणाला जाऊ देणार नाही."

मुळोबा दुपारभर घोरला. उठला, तेव्हा पाहुणे येऊन गेले होते आणि त्याच्यावाचूनही घर जिथल्या तिथे होतं.

हेच त्याच्या फार मनाला लागलं.