वाटीतले आजोबा

राजा भोगदेवानं वाटीतल्या पावट्याला हात जोडले आणि विचारलं, "आजोबा, तुम्हीच का?"

पावटा काही बोलला नाही. उसळीत निवांत पडून राहिला.

वाढायला उभी असलेली म्हाळी पळी हातात धरून बघतच राहिली. राजवाड्याच्या मुदपाकखान्यात तिनं पुष्कळ नखरे पाहिले होते, पण राजा उसळीशी बोलतोय, हे नवीनच!

झालं होतं असं. बंदरात गलबतं लागली होती आणि दूरदेशीचे व्यापारी दरबारात आले होते. बोलता बोलता विषय निघाला, मेल्यावर माणूस जातो कुठं? ग्रीसहून आलेला यवन व्यापारी म्हणाला, "आमच्याकडे एक ज्ञानी पुरुष होऊन गेला. त्याचे शिष्य पावट्याला हात लावत नाहीत. मेलेल्यांचे जीव त्यात येऊन बसतात म्हणे!" मिसरचा, म्हणजे इजिप्तचा, व्यापारी म्हणाला, "आमच्याकडे सांगतात, जीव जमिनीवरच्या, पाण्यातल्या, आकाशातल्या सगळ्या प्राण्यांतून फिरतो. तीन हजार वर्षांनी पुन्हा माणूस!" मग राजपुरोहित कसे गप्प बसतील? त्यांनी घसा खाकरून चौऱ्याऐंशी लक्ष योनी सांगितल्या. त्यात झाडं आली, वेली आल्या, गवतसुद्धा आलं.

म्हणजे पावटा गेला, मासा गेला, कोंबडी गेली. भात गेला आणि वांगंही गेलं!

"उचल हे ताट!" राजा म्हणाला. "मी माझ्या पूर्वजांना फोडणीत बघू शकत नाही. ज्यात कुणाचाही जीव नाही, असं जेवण मला उद्या दुपारी हवं. आणि मी जेवेपर्यंत राजवाड्याबाहेर नगरात एकही चूल पेटणार नाही! जमलं नाही, तर मुदपाकखान्यातले सगळे देशाबाहेर!"

बस्स, पळापळ सुरू झाली. प्रधानांनी सुचवलं, "नुसतं मीठ वाढा." मीठ चाटून राजाला उलटी झाली. मुख्य आचारी मल्हारबा पिंपाआड बसून रडायला लागला. म्हाळी घरी गेली, तर चूल थंड आणि सासू तापलेली.

"काय गं, तुझ्या राजाला झालंय तरी काय?"

"त्यांना उसळीत आजोबा दिसतात, आत्याबाई."

"मला आता आजोबांतसुद्धा उसळ दिसायला लागलीय!" सासू ओरडली. "जा, त्याला काहीतरी खायला घाल!"

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हाळी भरल्या दरबारात आली ती पेटत्या शेगडीसकट. शेगडीवर हंडी, हंडीत खोबरं-हिंग घातलेली पावट्याची उसळ! वास दरवळला आणि पहारेकऱ्यांचे भाले हातात डुलायला लागले.

"पुन्हा पावटे?" राजा कडाडला. पण उपाशीपोटी कडाडणं तसं केविलवाणंच झालं.

"महाराज, रागावू नका. आधी आईसाहेबांना एक विचारू द्या." म्हाळी राजमातेकडे वळली. "आईसाहेब, आमचे महाराज कुणावर गेले हो?"

"हे काय विचारणं झालं?" राजमाता म्हणाल्या. "मामंजींवर, त्याच्या आजोबांवर! तेच नाक, तीच ढेरी, घोरणंही तेच. जन्मला तेव्हा सुईणच म्हणाली, थोरले महाराज परत आले!"

"ऐकलंत?" म्हाळीनं कमरेवर हात ठेवले. "थोरले महाराज परत आलेत आणि सिंहासनावर बसलेत. मग ते माझ्या हंडीत कसे असतील? आणि महाराज, आपण त्यांना कालपासून उपाशी ठेवलंय!"

राजानं दचकून स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. पोट गुरगुरलं.

"आजोबा चिडलेत वाटतं," तो हळूच म्हणाला. "आई, त्यांना काय आवडायचं?"

"पावट्याची उसळ! तीन वाट्या खायचे, वर आणखी मागायचे."

म्हाळीनं वाटी भरून पुढे ठेवली. राजाचा हात वाटीकडे गेला आणि अर्ध्या वाटेतच थबकला. हट्टी तो हट्टीच!

"थांब! हे माझे आजोबा नसतील, पण दुसऱ्या कुणाचे तरी असतीलच ना? त्यांना मी खाऊ?"

पुरोहितांनी मान डोलावली. मल्हारबानं हुंदका दिला.

"खायलाच हवं!" म्हाळी म्हणाली. "पुरोहितबुवा, पावट्याचा राजा व्हायला किती जन्म लागतात?"

"लक्षावधी!"

"आणि या मिसरच्या पाहुण्यांच्या हिशेबानं तीन हजार वर्षं! महाराज, आपण खाल ते आपल्या अंगी लागणार. म्हणजे आपल्या एका घासात सकाळचा पावटा संध्याकाळी राजा होणार! बिचारे पहाटेपासून त्यासाठीच धडपडतायत. हे बघा!"

तिनं हंडीवरचं झाकण उचललं. खदखदत्या रशात पावटे एकमेकांना ढकलत टणाटण वर उड्या मारत होते.

"प्रत्येकाला आधी राजा व्हायचंय! त्यांना नाही म्हणायला जीभ कशी रेटते आपली?"

राजानं हंडीत डोकावून पाहिलं. मिशी थरथरली. तरी त्यानं शेवटचा प्रश्न टाकलाच. "आणि इतके सगळे राजे एकदम पोटात गेल्यावर भांडण नाही का होणार?"

"होणारच की, महाराज! पावटेच ते! रात्रभर आतून तुतारी फुंकतील!"

राजमाता तोंडाला पदर लावून फिसकन हसल्या. मग राजा असा हसला की मुकुट घरंगळत पुरोहितांच्या मांडीवर गेला. हसता हसताच त्यानं वाटी तोंडाला लावली. एक, दोन, तीन! यवन व्यापाऱ्यानं इकडेतिकडे पाहिलं, "यात आमच्या गावचं कुणी नसावं," असं तो पुटपुटला आणि त्यानंही वाटी पुढे केली.

"म्हाळे, तू जिंकलीस!" राजानं डोळे पुसत गळ्यातला कंठा काढून तिच्या हातात ठेवला. "आजपासून मुदपाकखाना तुझ्या हुकमतीत! आणखी काय हवं, माग!"

"नगरातल्या चुली पेटू द्या, महाराज. आणि ही उरलेली हंडी घरी न्यायची आहे. आमच्या आत्याबाईंनाही राणी व्हायची घाई झालीय!"

राजा पुन्हा हसत सुटला. "ने, ने! आणि हंडी पोचवायला माझी पालखी ने!"

मग भर दुपारी, भालदार-चोपदारांच्या ललकाऱ्यांत, पावट्याची हंडी पालखीत बसून म्हाळीच्या घरी निघाली.