दुसरी टाचणी

त्या राज्याला स्वतःचं असं आकाश नव्हतं. तिथं अवकाशातले खेळ खेळणाऱ्यांसाठी रोज नवी आकाशं बनत, आणि खेळणाऱ्यांना खरी वाटली तरच टिकत. ग्रहांच्या वाटा आखायचा मान पहिल्यापासून कर्कटकरावांचा. टोकदार पाय सूर्याच्या बेंबीत रोवायचा, पेन्सिलीच्या पायानं गिरकी घ्यायची, झाली वाट.

एके दिवशी खेळणाऱ्यांकडून आकाश परत आलं. वर शेरा : 'हे ग्रह आहेत की घाण्याचे बैल? अजून एक असलं आकाश आलं, तर कर्कटकरावांनी पेटीत जावं.' पेटीत गेलेलं कोणी बाहेर आल्याचं ऐकिवात नव्हतं.

कर्कटकराव चक्रावले. गोलाहून खरं ते काय असणार? बहुधा खरं म्हणजे वेडंवाकडं, असं धरून त्यांनी मुद्दाम पाय थरथरवत वाटा काढल्या. जेवणाच्या आत दोन ग्रह एकमेकांवर आदळले आणि तिसरा सूर्यात गेला. नशीब, ते आकाश अजून पाठवलं नव्हतं.

कोपऱ्यातली दोरी म्हणाली, "राव, एक टाचणी सूर्यात टोचा, दुसरी इथं बाजूला. मला दोन्हींना सैल बांधा. पेन्सिल मला ताणत फिरेल."

"इथं बाजूला काय आहे?"

"काही नाही."

"मग टाचणी कशाला?"

"तिच्यावाचून वाट जमत नाही."

"अगं, पण तिथं असतं तरी कोण?"

"कोणी नसतं म्हटलं ना. आणि टाचणी एकच उरलीय. दुसरी तुम्ही व्हा."

पेटी आठवून कर्कटकरावांनी पेन्सिल सोडली आणि त्या मोकळ्या जागी पाय रोवला. वाट जराशी लांबट निघाली. ग्रह सूर्याजवळून चटका बसल्यासारखा पळाला आणि कर्कटकरावांच्या बाजूला येऊन चांगला रेंगाळला. आकाश परत आलं नाही.

"झालं राव, काढा पाय," दोरी स्वतःला गुंडाळत म्हणाली. "आता टाचण्या नसल्या तरी चालतं."

कर्कटकरावांना काही उमजेना. उजेड तिकडे, ऊब तिकडे, मग हा ग्रह थांबतो इकडे, तो कोणासाठी?

दोरी कधीच गेली. कर्कटकराव अजून तिथंच उभे आहेत, पाय घट्ट रोवून. काढला आणि आकाश कोसळलं तर? ग्रह येतो, रेंगाळतो. कर्कटकराव किंचित मान हलवतात.

"जा," म्हणतात, "परवानगी आहे."