गाईनं खाल्लेली पात

तात्यासाहेब इनामदारांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यांची सून यमुना बाळंतीण झाली. तिनं दूध-तूप खाल्लं की अंगावर पिणाऱ्या बाळाच्या गालांवर पुरळ उठायचं आणि ते पोट दुखून रडरड रडायचं. मग यमुनेनं दूध-तूप सोडलं, मुगाच्या वरणावर नि भाकरीवर राहिली, तेव्हा कुठे बाळ शांत झोपू लागलं.

बारशाच्या आदल्या दिवशी तात्यासाहेब गरजले, "इनामदारांची सून कोरडी भाकरी खाते, हे पाहुण्यांनी बघायचं? उद्या पंगतीत बासुंदी खायचीच! अगं, बासुंदी जाणार तुझ्या पोटात. ती पोराच्या पोटात कशी पोचेल?"

"बरं, मामंजी," म्हणून यमुना गोठ्याकडे वळली.

सकाळी चार पाहुण्यांदेखत तात्यासाहेबांनी धारोष्ण दुधाचा पेला तोंडाला लावला आणि थू थू करत खाली आपटला. "कांद्याचा वास! गाईला पात कुणी घातली?"

"मी घातली," यमुना दाराआडून म्हणाली. "पण मामंजी, पात गेली गाईच्या पोटात. ती तुमच्या पेल्यात कशी पोचली?"

पाहुणे गालातल्या गालात हसले. तात्यासाहेबांनी मिशा पुसल्या आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "सूनबाईच्या पानात भाकरी वाढा!"